मुळं बघणारे तात्या

सांगलीला बदली होऊन आलो आणि पहिली पंचाईत ही झाली की इथं काहीही लावलं तरी येतं. काळी माती, नदी हाकेच्या अंतरावर. आधीच्या भाडेकरूनं लावलेला कढीपत्ता छपराला टेकलाय, जास्वंद कुंपण ओलांडून शेजाऱ्यांकडं गेलीय, आणि मोरीचं पाणी जिथं वाहतं तिथं टोमॅटो आपले आपण आलेत. अशा ठिकाणी माणसानं करायचं काय? कॉलेजातून आलो की मी या हिरव्यागार अंगणात नुसत्या येरझाऱ्या घालतो. साताऱ्यात माझी अशी गत नव्हती. तिथं शेजारी तात्या होते, आणि येरझाऱ्यांचं खातं सगळं त्यांच्याकडं होतं.

तात्या म्हणजे बिरा कोळेकर. मूळचे म्हसवडकडचे. वडील मेंढरं राखायचे, त्यामुळं लहानपण कळपामागं चालण्यात गेलं. मोठे झाल्यावर एसटीत ड्रायव्हर झाले. म्हणजे आधी पायांवर हिंडले आणि मग चाकांवर. निवृत्तीनंतर काकूंनी हट्ट धरून साताऱ्याच्या कडेला, टेकडीच्या उतारावर घर बांधून घेतलं. काकूंचं म्हणणं सरळ होतं, "जल्म गेला ह्यांची वाट बघण्यात. आता ह्यांनी घरात ऱ्हायाचं." तात्या राहिले. पण घरात नाही, अंगणात. आणि स्वतःच्या अंगणात मावेनासे झाले तेव्हा आमच्या.

उंच, वाळका माणूस. निवृत्त होऊनही पँट खाकीच. गळ्यात टॉवेल, हातात पहार. एका जागी उभं राहायची वेळ आली तरी डावा पाय मधूनमधून खाली दाबायचे, तिथं क्लच असावा तसा. बोलताना समोरच्याकडं कमी आणि रस्त्याकडं जास्त बघायचे. त्यामुळं नवीन माणसाला वाटायचं, आपल्या मागून काहीतरी येतंय.

आमची कॉलनी ज्या उतारावर होती तिथं माती अशी नव्हतीच. दोन बोटं तांबूस धूळ, खाली मुरूम, त्याखाली काळा फत्तर. पहार मारली की ठिणगी उडायची. पावसाळ्यात पाणी वरून धावत जायचं, आणि दिवाळी झाली की वारा अंगणातली उरलीसुरली ओल चाटून न्यायचा. लोक हौसेनं गुलाब आणायचे, लॉन आणायचे, ट्रॉलीभर माती टाकायचे. मार्चपर्यंत सगळं करपून पुन्हा मुरूम वर. मी एकदा बोलण्याच्या ओघात तात्यांना सांगून बसलो की हा सगळा डोंगर म्हणजे फार पूर्वी जमिनीतून वर आलेला लाव्हारस आहे, थरावर थर बसून थंड झालेला. तात्या पहार टेकून विचारात पडले.

"थंड झाला हे बगितलंय कुणी?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"वरनं झाला आसंल. इंजानबी वरनं थंड लागतंय, मास्तर. आत हात घालून बगा."

त्या दिवसापासून कुणाचंही झाड मेलं की तात्यांचं निदान ठरलेलं, "खालनं ऊन लागतंय." सकाळी चेअरमन देशमान्यांच्या अंगणात पालथं पडून, जमिनीला गाल लावून ते उष्णता तपासताना दिसायचे. देशमाने बँकेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, पण तात्या उठल्यावर ते स्वतःही हळूच हात लावून बघायचे. मी पाहिलंय.

तात्यांचा मुख्य सिद्धांत असा की झाड म्हणजे प्रवासी. "शीट बरी मिळाली न्हाई की ते कुरकुरतंय. उटवायचं आन् दुसरीकडं बसवायचं. बास." पहाटे फिरायला निघाले की वाटेतल्या घरांच्या कुंड्या ते बिनदिक्कत हलवायचे. माझी जास्वंदाची कुंडी एकदा चार दिवस सापडेना. शेवटी ती त्यांच्याच पाण्याच्या टाकीमागं निघाली. विचारलं तर म्हणाले, "तुमच्या दारात तिला उन्हाची खिडकी व्हती वो. हिकडं सावलीच्या शीटवर बसीवली." जास्वंद तिथं बरी होती, हे मान्य करायला हवं. पण देशमान्यांचा क्रोटन त्यांनी भर उन्हाच्या भिंतीला नेऊन टेकवला आणि दोन दिवसांत त्याचा पापड झाला. तात्यांनी त्यावर काय म्हणावं? "आजारीच दिसत व्हता. परवास सोसला न्हाई."

दुसरी खोड याहून वाईट. लावलेलं झाड उपटून त्याची मुळं बघायची. रोप लावलं की पहिले काही दिवस ते त्याच्याभोवती घिरट्या घालायचे, पाणी घालायचे, पुन्हा घालायचे, खत घालायचे. मग एका सकाळी खुरपं घेऊन बसायचे आणि अलगद, अगदी मायेनं, ते रोप वर काढायचे. धरलंय का, हे बघायला. धरलेलं असलं की खूश होऊन परत पुरायचे. पुन्हा पुन्हा असं झाल्यावर ते रोप कंटाळून मरायचं. मी एकदा चिडून म्हणालो, "तात्या, वर पान हिरवं आहे ना? मग खाली कशाला उकरता?"

"पान काय, दाखवायला आसतं. बोनेट उगडल्याशिवाय गाडीचं कळतंय व्हय?"

काकू पायरीवर शेंगा फोडत बसलेल्या असायच्या. त्या नुसत्या म्हणायच्या, "मलाबी उपटून बगितलं आसतं ह्यांनी. घरात गावत नव्हते म्हणून वाचले."

मेंढरांचा किस्सा तर कॉलनीत अजून सांगतात. कॉलनीच्या मधली मोकळी जागा हिरवी करायचं कमिटीनं ठरवलं. माती आणली, लॉन अंथरलं, कडेनं दुरांटाच्या झुडपांची कापलेली रांग लावली. वाढ मात्र होईना. तात्या म्हणाले, खताशिवाय मुरूम हलणार नाही, आणि खत मेंढरांचं. त्यांच्याकडं शेतकरी आपल्या रानात कळप बसवून घेतात. जनावरं मुक्कामाला राहतात, लेंड्या आणि मूत जमिनीत जातं, पुढच्या वर्षी पीक जोरात. यात खोटं काहीच नाही. फक्त ते मोकळ्या रानात करतात, लॉनवर नाही, एवढी बारीक गोष्ट तात्यांच्या ध्यानात आली नाही. त्यांचा पुतण्या मायाप्पा कळप घेऊन खालच्या अंगाला आला होता, त्याला तात्यांनी एका रात्रीच्या मुक्कामाला वर बोलावलं. सकाळी देशमाने दात घासत बाहेर आले तर सगळी जागा मेंढरांनी पांढरी-काळी झालेली आणि दुरांटाच्या नुसत्या काड्या उभ्या. तात्यांनी स्वतः लावलेला शेवगासुद्धा गेला. उरली फक्त कण्हेर आणि कोरफड.

"कोळेकर, हे काय आहे?" देशमाने ब्रश तोंडात ठेवून ओरडले.

"खत!" तात्या अभिमानानं म्हणाले. "आता बगा पाऊस पडल्यावर."

पाऊस पडला. आणि खरोखरच ती जागा हिरवीगार झाली, पण वेड्या बाभळीनं. येताना मेंढरांनी वाटेत शेंगा खाल्ल्या होत्या, त्या बिया लेंड्यांतून पडल्या आणि आजवर ज्या मुरमात काही रुजत नव्हतं तिथं काटेरी रान माजलं. तो सगळा पावसाळा आम्ही बोटं सोलून घेत बाभळी उपटल्या. तात्या सर्वांत पुढं होते. उपटलेल्या प्रत्येक बाभळीचं मूळ वर धरून ते मला दाखवायचे, "मास्तर, मुळी बगा. वीतभर खाली गेलीया. काय जिद हाय!" अशा माणसावर रागवावं तरी कसं?

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. मग चाफा आला.

काकूंच्या माहेरी बिरोबाच्या देवळासमोर एक जुना चाफा होता. बुंधा म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखा, फुलं पांढरी, आत पिवळी. रस्ता रुंद करायला तो काढला. त्या आठवड्यात काकू गावी होत्या. पाडलेल्या झाडाची एक फांदी तेवढी त्यांनी मागून घेतली आणि लुगड्यात गुंडाळून साताऱ्याला आणली. घराचा हट्ट सोडला तर काकूंनी आयुष्यात कुणाकडं काही मागितल्याचं मी ऐकलं नव्हतं. या फांदीचं मात्र त्यांनी तात्यांना बजावून सांगितलं, आणि मला साक्षीला बोलावलं.

"हे झाड माझं. दारात वाढंल, बुडाला कट्टा बांदीन, आन् आमी दोगं तितं बसू. लगीन झाल्यापासनं आमी दोगं एका जागी कवा बसलोय ते मला आटवत न्हाई. ह्याला हात लावायचा न्हाई. ऐकलं का वो?"

"ऐकलं की. मी काय भैरा हाय?"

चाफ्याचं तंत्र तात्यांच्या स्वभावाच्या बरोबर उलटं. फांदी तोडली की चीक वाळेपर्यंत ती सावलीत नुसती पडू द्यायची. लावली की पाणी जवळजवळ नाहीच, जास्त झालं की बुडातून कुजते. थंडीत पान नसतं. नुसता खुंट उभा, मेलाय की जगलाय ते वरून कळायला मार्ग नाही. उन्हाळा लागला की मनात आलं तर पालवतो. थोडक्यात, काही करायचं नाही, हेच त्याचं करणं. काकूंनी स्वतःच्या हातानं ती मुरमात खोचली, बुडाशी दोन दगड लावले आणि विषय संपवला.

तात्यांची झोप उडाली. कुठलंही दुसरं काम धरलं तरी वळून नजर तिथंच. हात पाठीमागं बांधून त्या खुंटाभोवती फिरायचे. "मास्तर, रंग जरा काळवंडल्यावानी वाटतोय का?" "मास्तर, बूड दाबून बगू का, हलकं?" मी नाही म्हणायचो. माझ्या नाहीवर त्यांचा दिवस निभायचा.

जानेवारीत काकूंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं. त्यांच्याकडं दुखणं म्हटलं की मिरज. धाकटी बहीणही तिथंच राहायची. जाताना काकू फाटकात थांबल्या आणि मला म्हणाल्या, "मास्तर, माझ्या गुडग्याची काळजी डाक्टर करंल. तुमी त्या फांदीची करा. आन् खरं सांगू का, ह्यांच्यापासनं."

तात्या सोबत गेले खरे. पण दोन दिवसांनी सकाळच्या एसटीनं हजर. फाटकातूनच खुंट बघितला, मान हलवली, परतीच्या गाडीनं मिरज. पुन्हा दोन दिवसांनी तेच. रेल्वेनं का येत नाही विचारलं तर म्हणाले, "तितं पुढचा रस्ता दिसत न्हाई." एकदा त्यांनी बुडाशी जरासं उकरलं असावं, कारण संध्याकाळी मला काकूंचा फोन आला. "आज हात लावला का त्यांनी? नखात मुरूम हाय. मला दूध पाजताना दिसला."

मी म्हणालो, "मी कॉलेजात होतो, काकू. पण फांदी जागेवर आहे."

"जागेवर हाय न्हवं? मग बास," त्या म्हणाल्या. पण आवाज थकला होता.

काकूंना घरी सोडायचे दिवस जवळ आले तशी तात्यांची घालमेल वाढली. शेवाळ चढल्यासारखा तो खुंट दिसत होता, टोक सुरकुतलेलं. मलाही मनातून वाटत होतं, गेला. त्या दुपारी मी कॉलेजातून लवकर आलो. तात्या अंगणात मधोमध उभे होते, उजव्या हातात ती फांदी. बुडाला पांढरीशुभ्र मुळं फुटलेली, बोटभर लांब. बहुतेक सगळी तुटून लोंबत होती.

"मास्तर," ते म्हणाले, "जित्ता व्हता वो."

मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. एका बाईनं जन्मात एक गोष्ट मागितली आणि ती या माणसाला चार महिने सांभाळता आली नाही. तात्यांनी रस्त्याकडं बघितलं नाही. माझ्याकडंच बघत राहिले. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोरच काकूंना लावला. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"सोने, मी उपटला."

पलीकडं दवाखान्यातली भांडी वाजत होती.

"मुळी व्हती?" काकूंनी विचारलं.

"व्हती. तुटली. एक ऱ्हायलीया."

"मास्तर हायेत का तितं?"

"हायेत."

"त्यांच्या हातात द्या. चार दिस वाळू द्या, मग ते लावतील. आन् तुमी घर सोडा."

"कुटं जाऊ?"

"मायाप्पाकडं जावा. मेंढरं हायेत, रान हाय, हिंडा किती हिंडायचं ते. पान फुटंस्तवर माझ्या दारात येऊ नगा."

"आन् तुझ्याजवळ कोण?"

"भन हाय. कवा तुमी व्हता?"

हे शेवटचं त्यांनी रागानं म्हटलं नाही. म्हणूनच ते लागलं. तात्यांनी फोन खिशात ठेवला, फांदी माझ्या दोन्ही हातांत दिली, आणि कपड्यांची पिशवी भरून मलकापूरच्या गाडीला गेले. मायाप्पाचा कळप तेव्हा तिकडंच, कापणी झालेल्या रानांत होता. मला वाटलं होतं, आठ दिवसांत परत येतील. आले नाहीत.

काकू घरी आल्या, बहिणीचा खांदा धरून. मी फांदी लावली होती. त्यांनी ती बघितली आणि आत गेल्या. रोज सकाळी त्या अंगणात चालायचा सराव करायच्या, त्या खुंटापर्यंत आणि परत. तात्यांचा फोन मला यायचा, त्यांना नाही. सरळ विचारायचे नाहीत. "वारं सुटलंय का वर? ऊन कसं हाय?" मी सांगायचो, ऊन आहे. "आन् बाकी?" बाकी काही नाही, मी म्हणायचो. मागं मेंढरांचे आवाज, कुत्र्याचं भुंकणं. एकदा म्हणाले, "मास्तर, हितं रोज मुक्काम हालतोय. लय चालतोय बगा मी. पण मन तितंच बसलंय त्या फांदीपाशी. हे उलटंच झालं गड्या." मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, खुंट तसाच. आता माझीच झोप जायला लागली. मीच कॉलेजातून धावत यायचो आणि फाटकातून बघायचो. बूड दाबून बघायला माझे हात शिवशिवायचे. तात्यांना काय होत असेल ते मला तेव्हा नीट कळलं.

वैशाखात, सगळी टेकडी तव्यासारखी तापलेली असताना, टोकाला हिरवं काहीतरी दिसलं. दुसऱ्या दिवशी दोन पानं. मी धावत आत जाऊन काकूंना सांगितलं. त्या आल्या, वाकता येत नव्हतं म्हणून उभ्यानंच बघितलं, आणि पदर डोळ्याला लावला. "सांगा त्यास्नी," म्हणाल्या.

मी फोन केला. "तात्या, फुटलं पान."

पलीकडं मेंढरं ओरडत होती. "तात्या?"

"ऐकतोय," ते म्हणाले. "येतो."

पण ते येईनात. एक दिवस गेला, दोन गेले. काकू म्हणाल्या, "भ्यालेत. सोताच्या हाताला भ्यालेत." आणि मग एका सकाळी, कळप घेऊन मायाप्पा म्हसवडच्या वाटेला लागला तेव्हा, तो वाट वाकडी करून आमच्या टेकडीखालून चालला. मागं तात्या. डोक्याला टॉवेल, काळे पडलेले, निम्म्यानं वाळलेले. मेंढरं पुढं जाऊ देऊन ते एकटे चढ चढून आले आणि फाटकाच्या बाहेर थांबले. दोन्ही हात काखेत घट्ट धरलेले. दोन पानांकडं बघत राहिले.

"आत या की," मी म्हणालो.

"नगं. हितनं दिसतंय." मग काकूंकडं बघून म्हणाले, "तू बरी हायस?"

"चालते की आता," काकू म्हणाल्या.

"बरं. मग मी जातो. पावसाळा लागंपतूर पान चांगलं जून व्हऊ दे. तवर माझा भरवसा न्हाई."

ते वळले. काकू क्षणभर त्या खुंटाशी उभ्या राहिल्या. त्या झाडासाठी त्यांनी काय काय सोसलं होतं, मी बघत होतो. आता त्यांना हवं ते दारात होतं आणि ज्याच्याबरोबर बसायचं तो उतारानं चालला होता. त्या घरात गेल्या, कोपऱ्यातली काठी घेतली, चपला घातल्या.

"आवं, थांबा!" त्यांनी हाक मारली. "मेंढरं पुढं जाऊ द्यात. मी येते."

"कुटं?" तात्या जागच्या जागी थांबले.

"तुमी जिकडं चाललाय तितं. दमले की मायाप्पाच्या सामानाच्या टेंपूत बसंन." आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मास्तर, झाडाकडं बघा. म्हंजे बघूच नका."

तात्यांनी काखेतून एक हात काढला आणि काकूंचं कोपर धरलं. भीत भीत, फार जोर लागू नये असं. काकूंनी तो हात झटकला नाही. दोघं उतारानं निघाली, तात्या प्रथमच दुसऱ्याच्या चालीनं चालत होते. जूनमध्ये माझी बदली झाली, त्याआधी ती परतली नव्हती. त्या सकाळी कळपातली दोन-चार मेंढरं अजून मागं चरत रेंगाळत होती आणि काकूंनी फाटक उघडंच टाकलं होतं, म्हणून मी जाऊन कडी घातली.